विचारलं म्हणून सांगितलं

ती दुपार अजून माझ्या डोळ्यांपुढून हटत नाही. बोरिवली पूर्वेच्या एका सोसायटीच्या फाटकाशी, भर उन्हात, पावणेदोन वाजता एका बाईवर तिच्या नवऱ्याने सुऱ्याने वार केले. मी तेव्हा त्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात गुन्हे निरीक्षक होतो. निवृत्ती जवळ आली होती. या लेखात मी कोणाचं नाव घेणार नाही, कंपनीचंही नाही, आणि बऱ्याच खुणा मुद्दाम बदलल्या आहेत. का बदलल्या ते वाचता वाचता कळेल.

कंट्रोलचा कॉल आला तेव्हा मी नुकताच डबा उघडला होता. पोहोचलो तर फाटकाशी रक्त, एक चप्पल आणि फुटलेला डबा. बाई तिथे नव्हती. तिला न्यायला आलेल्या कंपनीच्या गाडीच्या ड्रायव्हरने कोणाची वाट न बघता तिला मागच्या सीटवर घालून पालिकेच्या रुग्णालयात नेलं होतं. डॉक्टर नंतर म्हणाले, आणखी दहा मिनिटं गेली असती तर हाती काही लागलं नसतं.

बाई बत्तीस-तेहतीस वर्षांची. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावची, बौद्ध कुटुंबातली, वडील शाळेत शिपाई. शिकून बी. कॉम. झाली, लग्न झालं, आणि चार वर्षं नवऱ्याचा मार खाऊन एक दिवस आईला घेऊन मुंबईत आली. अंधेरीच्या एका बॅक ऑफिस कंपनीत तिला नोकरी लागली. परदेशी विम्याचे दावे संगणकावर भरायचे. दुपारची पाळी, न्यायला-आणायला कंपनीची गाडी. गावी कोणालाच पत्ता दिलेला नव्हता. सख्ख्या भावालासुद्धा नाही.

डॉक्टरांनी जबाब द्यायला ती सक्षम असल्याचा शेरा दिल्यावर मी तिच्या कॉटशेजारी बसलो. उजवा हात खांद्यापासून पंजापर्यंत बांधलेला. जखमी माणूस बहुतेक वेळा विचारतो, "त्याला पकडलं का?" हिने ते विचारलंच नाही.

"साहेब, त्याला कळलं कसं?"

"कामाची जागा कळली असेल ताई. तिथून पाठलाग केला असेल."

"नाही. मी रोज बघते मागे. तीन वर्षं झाली, रोज बघते. आणि तो मागून नाही आला. तो फाटकाशी आधीच उभा होता. माझी गाडी किती वाजता येते ते त्याला माहीत होतं."

नवरा दुसऱ्या दिवशी सापडला. मोबाईलच्या लोकेशनवरून माझ्या उपनिरीक्षकाने त्याला देवनारला, मावसभावाच्या खोलीतून उचलला. सुरा त्यानेच काढून दिला, पंचनामा झाला, सात दिवसांची कोठडी मिळाली. वरिष्ठ म्हणाले, "ओपन अँड शट आहे. दोषारोपपत्र लावा आणि मोकळे व्हा." त्यांचं बरोबरच होतं. पण त्या बाईचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

माणूस मोठा गोड बोलायचा. गावी त्याचं विजेच्या सामानाचं दुकान होतं. बायकांना मारणारे पुरुष मी नोकरीत पुष्कळ पाहिले. त्यातले आरडाओरडा करणारे सोपे असतात. दारू उतरली की रडतात. हा त्यातला नव्हता. हा मान खाली घालून, हात जोडून बोलायचा.

"पत्ता कोणी दिला?"

"कोणी नाही साहेब. माझी बायको आहे. माझं मन सांगतं ती कुठे आहे."

"मनाने गाडीची वेळपण सांगितली?"

"देवाची कृपा."

तीन दिवस हेच. तो काही फुटेना, म्हणून मी दुसऱ्या बाजूने विचार केला. घराचा पत्ता आणि गाडीची वेळ, दोन्ही कोणाला माहीत? कंपनीच्या वाहतूक विभागाला आणि ड्रायव्हरला. वाहतूक विभाग वातानुकूलित ऑफिसात बसतो. ड्रायव्हर हाताशी होता. मी ड्रायव्हरला बोलावून घेतलं.

इथे माझी पहिली चूक झाली आणि ती मी लपवणार नाही. घाटकोपरच्या डोंगरावर राहणारा, चाळिशीतला, दोन लेकरांचा बाप. त्याला मी दोन दिवस सकाळी बोलावलं आणि संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. हात लावला नाही, पण बोललो ते हातापेक्षा कमी नव्हतं. "किती घेतले? कोणी फोन केला?" एकच एक प्रश्न फिरवून फिरवून.

"साहेब, गाडी अजून रक्ताने भरलीय माझी. सीट धुवून धुवून हात सोलले," तो म्हणाला. "त्या मॅडमला मीच नेलं ना? मग मलाच कशाला आत घेता, यार?"

'यार' म्हणाला म्हणून मी त्याच्यावर ओरडलो. काय म्हणतोय ते ऐकलं नाही.

तिसऱ्या दिवशी तो पुन्हा बाकावर होता, तेव्हा दुपारी ठाण्याच्या लँडलाइनवर फोन आला. ठाणे अंमलदाराने जोडून दिला. पलीकडे तरुण, सुशिक्षित, घाबरलेला आवाज.

"सर, त्या ड्रायव्हरला सोडा. पत्ता त्याने नाही दिला."

"मग कोणी दिला?"

"कंपनीतल्या मशीनने. कोणीतरी विचारलं आणि मशीनने सांगून टाकलं."

फोन बंद झाला. निनावी फोनांचा माझा एक अनुभव आहे. ज्याला सूड घ्यायचा असतो तो फोन करून एखाद्या माणसाचं नाव घेतो. कोणाचंच नाव न घेणारा बहुधा खरं बोलत असतो. मी त्याच दुपारी ड्रायव्हरला घरी पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी अंधेरीला कंपनीत गेलो.

काचेची इमारत, गळ्यात पाहुण्याचा पास. एचआरच्या मॅडम आणि कायदेशीर सल्लागार समोर बसले. मॅडमनी सांगितलं, कर्मचाऱ्यांची माहिती अत्यंत गोपनीय असते, धोरण लेखी आहे, सगळ्यांना प्रशिक्षण दिलेलं आहे. संगणक सुरक्षा पाहणाऱ्या एकालाही त्यांनी बैठकीत बसवलं होतं. तिशीतला, बारीक अंगाचा. त्याने फक्त "गुड मॉर्निंग सर" म्हटलं आणि फोनवरचा आवाज मी ओळखला. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. निघताना सगळ्यांना माझं कार्ड दिलं. त्यालाही दिलं.

तो त्याच संध्याकाळी भेटला. अंधेरी स्टेशनजवळच्या एका उडप्याच्या हॉटेलात आम्ही बसलो. चहा त्याने घेतला नाही, नुसता कप फिरवत राहिला.

"सर, मला टेक्निकल भाषेत नाही सांगता येणार तुम्हाला."

"मराठीत सांग."

त्याने सांगितलं ते असं. चार महिन्यांपूर्वी कंपनीने एक कृत्रिम बुद्धिमत्तेचा मदतनीस आणला होता. त्याला एक लाडाचं नाव ठेवलं होतं. आपण मदतनीसच म्हणू. रजा किती उरली, कॅन्टीनमध्ये आज काय आहे, दाव्याचा अमुक फॉर्म कुठे मिळेल, काहीही टाइप करून विचारायचं आणि तो उत्तर द्यायचा. उत्तरं देता यावीत म्हणून त्याला कंपनीच्या सामायिक फायली वाचायची परवानगी दिली होती. सगळ्याच्या सगळ्या.

"पूर्वीसुद्धा त्या फायली तशाच उघड्या होत्या सर. पण हजारो फोल्डर. कुठे काय पडलंय ते कोणालाच माहीत नव्हतं. तो गोंधळ होता ना, तेच आमचं कुलूप होतं. मदतनीसाने सगळं वाचून काढलं आणि कुलूपच गेलं. विचारणाऱ्याला ती फाईल बघायचा हक्क आहे की नाही, हे तो तपासतच नव्हता. तपासायचं कामच कोणी लावलेलं नव्हतं."

"तुला हे माहीत होतं?"

त्याने फोन काढून मला दोन ईमेल दाखवले. दोन्ही मदतनीस सुरू होण्याच्या आधीचे, त्याच्या वरिष्ठांना लिहिलेले. पहिल्यात त्याने स्वच्छ लिहिलं होतं की पगार, आजारपणाची कागदपत्रं, घरचे पत्ते, सगळं कोणालाही दिसेल; आधी फायली वेगळ्या करा, ज्याचं काम त्यालाच परवानगी द्या, मग सुरू करा. त्यासाठी सहा आठवडे मागितले होते. उत्तर एका ओळीचं होतं. परदेशी ग्राहक भेटीला येणार आहेत, त्यांना मदतनीस दाखवायचा आहे, बाकीचं दुसऱ्या टप्प्यात बघू. दुसऱ्या ईमेलला उत्तरच नव्हतं.

"दुसरा टप्पा कधी झाला?"

"अजून नाही झाला, सर."

मग त्याने महत्त्वाची गोष्ट सांगितली. कोणी काय विचारलं आणि मदतनीसाने काय सांगितलं याची नोंद राहते, पण तीस दिवसांनी ती आपोआप पुसली जाते. हल्ला होऊन आठवडा उलटला होता. विचारणा त्याच्या किती आधी झाली, कोणाला माहीत? कदाचित उद्याच पुसली जाईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी नोंदी जतन करून हजर करण्याची नोटीस घेऊन कंपनीच्या दारात उभा होतो. बरोबर सायबर विभागाची एक उपनिरीक्षक. सल्लागार म्हणाले, मुख्य कार्यालयाला विचारावं लागेल. मी म्हटलं, विचारा, मी बसतो. रिसेप्शनच्या सोफ्यावर गणवेशातला निरीक्षक बसलेला कोणत्याच कंपनीला आवडत नाही. तीन वाजता त्यांनी आम्हाला आत नेलं.

त्या बाईच्या नावाने शोध घेतल्यावर एकच नोंद निघाली. हल्ल्याच्या एकोणीस दिवस आधीची. विचारणाऱ्याने विचारलं होतं, ही कुठे राहते आणि तिची गाडी किती वाजता येते. मदतनीसाचं उत्तर इंग्रजीत होतं. मराठीत असं: "या कर्मचाऱ्याने कौटुंबिक हिंसाचारामुळे आपला पत्ता गोपनीय ठेवण्याची विनंती केली आहे. त्यांचा सध्याचा पत्ता पुढीलप्रमाणे आहे." आणि खाली इमारत, मजला, खोली क्रमांक. गाडीची वेळ, दुपारी एक वाजून पंचेचाळीस मिनिटं. शेवटी, "आणखी काही मदत हवी आहे का?"

मी तो कागद दोनदा वाचला. नोकरीला लागताना त्या बाईने अर्ज दिला होता की माझा पत्ता कोणाला देऊ नका. त्यावर 'मान्य' असा शेरा मारून, सही करून तो स्कॅन केला होता आणि सामायिक फायलींत ठेवून दिला होता. मदतनीसाने तो अर्ज वाचला. वाचून तो काय आहे हे सांगितलं. आणि पत्ताही सांगितला.

"मॅडम, अर्जावरची ही सही तुमची?" मी विचारलं.

एचआरच्या मॅडमनी कागद जवळ ओढला. "आम्ही ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, की खाजगी माहिती विचारू नका. स्लाइड आहे त्याची."

"विचारू नका हे माणसांना सांगितलंत. देऊ नको हे त्याला कोणी सांगितलं?"

त्यांनी कागद सल्लागारांकडे सरकवला.

विचारणाऱ्याचा ओळख क्रमांक कागदावर होता. ती निघाली त्याच मजल्यावरची, मुलुंडला राहणारी, पंचावन्नच्या घरातली बाई. नवरा बँकेतून निवृत्त, मुलगी लग्न होऊन गेलेली. ऑफिसात सगळे तिला काकू म्हणायचे. जखमी बाई आणि काकू रोज एकत्र डबा खायच्या.

काकूंना मी ठाण्यात बोलावलं. महिला अंमलदार शेजारी बसल्या. काकू पांढऱ्याफटक पडल्या होत्या. मी कागद पुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला.

"हो. मीच विचारलं."

"का?"

"तिचा भाऊ आला होता. खाली चहाच्या टपरीशी. तीन-चार दिवस यायचा. अगदी सभ्य माणूस हो. म्हणाला, आई शेवटच्या घटका मोजतेय, लेकीला एकदा बघायचंय म्हणते. ती रागावून घर सोडून गेलीय, माझा फोन उचलत नाही. घराची चौकट दाखवा, मी तिच्या पाया पडतो, म्हणाला. रडला साहेब. भर रस्त्यात रडला."

"तिची आई तिच्याजवळच राहते, काकू. बोरिवलीला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं एकत्र डबा खाऊनही तिने सांगितलं नव्हतं. तिची सावधगिरी इतकी पक्की होती.

"तिला घरचा काही त्रास आहे, एवढं माहीत होतं ना तुम्हाला?"

"भांडण आहे एवढंच माहीत होतं."

"उत्तरात वर हिंसाचार लिहिलंय. वाचलं नाहीत?"

"मी खालचं वाचलं. पत्ता. वरती ते काहीतरी नेहमीसारखं लिहितं ना, लांबलचक. मी... मी कोणाची फाईल उघडली नाही साहेब. कोणाचं कपाट उघडलं नाही. मी फक्त विचारलं." आणि मग त्या पदर तोंडात कोंबून रडायला लागल्या. "ते सांगायला नको होतं तर त्याने सांगितलं कशाला?"

भाऊ म्हणून आलेला तो नवराच. त्याला कंपनी कशी सापडली? कंपनीने आपल्या पानावर रांगोळी स्पर्धेचे फोटो टाकले होते, त्यात ही बाई मागच्या रांगेत उभी होती. एवढंच. मी नवऱ्याचा फोटो दाखवला, तेव्हा काकूंनी त्याला ओळखलं. वाढवून मिळालेल्या कोठडीत मी तो कागद त्याच्यापुढे धरला, तेव्हा पहिल्यांदा तो हसला. म्हणाला, "भली बाई आहे. तिला काही करू नका." आणि मग सगळं सांगितलं, एखाद्या देवळाची वाट सांगावी तसं, शांतपणे.

त्या बाईला हे सांगायला मी स्वतः गेलो. तिला रुग्णालयातून सोडलं होतं, पण जुन्या जागी परत जायला ती तयार नव्हती. आईबरोबर कांजूरमार्गला एका खोलीत आली होती. वारा फिरला की डम्पिंग ग्राउंडच्या कचऱ्याचा वास घरात यायचा. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लागलेली, बाकी सामान अजून गाठोड्यांत. उजव्या हाताची दोन बोटं वाकत नव्हती. मी सगळं सांगितलं.

"समोरासमोर बसून जेवायचो आम्ही," शेवटी म्हणाली. "मलाच का नाही विचारलं?"

हाच प्रश्न मी काकूंना केला होता. त्या म्हणाल्या होत्या, "तिला विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती. त्याला विचारणं सोपं होतं." हे उत्तर मी त्या बाईला सांगितलं नाही.

मी नोकरीला लागलो तेव्हा प्रत्येक कचेरीत नोंदी सांभाळणारा एक कारकून असायचा. चिडका, कपाटाची किल्ली कनवटीला लावलेला. कोणाचा पत्ता मागायला गेलं की आधी विचारायचा, "कशाला पाहिजे?" त्या दोन शब्दांपुढे अर्धी माणसं गोंधळून परत जायची. काकूसुद्धा गेल्या असत्या, माझी खात्री आहे. मदतनीसाने कशाला पाहिजे हे विचारलं नाही. तो कोणावर चिडत नव्हता, कोणाला ओशाळवत नव्हता. कंपनीने त्याचं तेच कौतुक केलं होतं.

आता तपासाचं काय झालं ते सांगतो. नवऱ्यावर खुनाच्या प्रयत्नाचं दोषारोपपत्र दाखल झालं. कंपनीवर कारवाई व्हावी म्हणून मी अहवाल वर पाठवला. विधी सल्ला आला की कंपनीचा गुन्हेगारी हेतू दिसत नाही. निष्काळजीपणाबद्दल बाईने हवं तर स्वतंत्र दाद मागावी. माहितीच्या संरक्षणाचा नवा कायदा मंजूर झाला होता, पण लागू व्हायचा होता. काकूंना मी साक्षीदार केलं. त्यांनी नोकरी सोडली. ड्रायव्हरला गाड्यांच्या ठेकेदाराने काढून टाकलं, कारण पोलिसांनी दोन दिवस बसवलेला माणूस कंपनीला नको होता. मी ठेकेदाराला फोन केला, पत्रही दिलं. तो "हो साहेब, हो साहेब" म्हणाला. ड्रायव्हर परत कामावर लागला नाही.

जखमी बाईला कंपनीने फुलं पाठवली. तीन महिन्यांनी पत्र पाठवलं की टायपिंगचं काम आता होणार नसल्याने करार वाढवता येत नाही.

आणि तो सुरक्षेचा माणूस, ज्याने दोन ईमेल लिहिले, ज्याच्यामुळे तो एक कागद पुसला जाण्यापासून वाचला? त्याला कंपनीने काढलं. कारण दिलं, कंपनीची गोपनीय माहिती बाहेरच्या व्यक्तीला पुरवली. ती बाहेरची व्यक्ती म्हणजे मी. आख्ख्या प्रकरणात त्या कंपनीने गोपनीयतेचा नियम एकदाच पाळला, तो त्याच्यावर. तो मला फोन करून म्हणाला, "सर, वाट लागली माझी, पण ठीक आहे." त्याच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

इथपर्यंत मी स्वतःला या गोष्टीतला बरा माणूस समजत होतो. चारचौघांत सांगायचो, कंपन्या कशा बेफिकीर असतात, कोणतंही नवं यंत्र आणतात आणि त्याच्या हातात कोणाचं काय देतोय ते बघत नाहीत.

दोषारोपपत्र दाखल होऊन महिना झाला असेल. दुपारी बाईचा फोन आला.

"साहेब, वकिलांनी मला कागदांची प्रत दिली. साक्षीदारांची यादी आहे त्यात."

"हो."

"पहिलं नाव माझं आहे. पुढे कांजूरमार्गचा पत्ता. चाळ, खोली नंबर, सगळं."

मी माझी प्रत ओढून ते पान काढलं.

"ही प्रत त्यालापण देतात ना साहेब?"

देतात. आरोपीला दोषारोपपत्राची प्रत देणं कायद्याने बंधनकारक आहे. ते मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. तिचा पत्ता 'मार्फत पोलीस ठाणे' असा लिहिता आला असता. वेगळा अर्ज करून पत्ता झाकून ठेवता आला असता. सोय होती. पण साक्षीदार यादीचा नमुना ठरलेला आहे. नाव, वय, धंदा, पत्ता. माझ्या लेखनिकाने चार रकाने भरले आणि मी खाली सही केली. शेकडो दोषारोपपत्रांवर केली तशीच. तिचा पत्ता कसा फुटला याचा पन्नास पानांचा तपास त्याच कागदांत होता, आणि त्यांतच तिचा नवा पत्ता मी त्याच्या हातात दिला होता.

"ताई, माझी चूक झाली," मी म्हणालो. "आज बंदोबस्त देतो. कॉन्स्टेबल पाठवतो."

"नको. कॉन्स्टेबल आला की चाळीत विचारतील, कोणाकडे आले." तिने फोन ठेवला. दोन दिवसांनी मी गेलो तर खोलीला कुलूप होतं. शेजारची म्हणाली, मायलेकी टेम्पो करून गेल्या, कुठे ते सांगितलं नाही. नवऱ्याला दरम्यान जामीन मिळाला होता.

खटला दिंडोशीच्या सत्र न्यायालयात उभा राहिला. तिचं समन्स 'सदर पत्त्यावर राहत नाही' असा शेरा होऊन परत आलं. दुसरंही आलं. न्यायालयाने ठाण्याला आदेश दिला, साक्षीदाराचा शोध घेऊन हजर करा. माझी निवृत्ती चार महिन्यांवर होती. शोध मी स्वतःकडे घेतला.

ती सापडली. कुठे ते लिहिणार नाही, कशी तेही नाही. गणवेश न घालता गेलो. दार तिच्या आईने उघडलं आणि मला बघून भिंतीला टेकली. बाई आतून आली. घाबरली नाही, फक्त फार थकलेली दिसली.

"तुम्हाला सापडले म्हणजे त्यालापण सापडेन," ती म्हणाली.

मी तिला कशी शोधली ते तिला सविस्तर सांगितलं, म्हणजे ती वाट तिला बंद करता येईल. तिने डाव्या हाताने एका वहीत लिहून घेतलं. मग मी म्हटलं, "ताई, एकदा कोर्टात या. पडद्याआड साक्ष घेता येते. पत्ता सीलबंद लिफाफ्यात देऊ. न्यायाधीशांशिवाय कोणी बघणार नाही. मी स्वतः अर्ज करतो."

"कंपनीनेपण मला सही करून दिली होती साहेब."

"तुम्ही आला नाहीत तर तो सुटेल."

"माहितीय." तिने वही मिटली. "तुम्ही सांगा. मी आले, त्याला सजा झाली, तर किती वर्षं? आणि बाहेर आल्यावर? तोवर माझं नाव-गाव किती कागदांवर जाईल? तो लिफाफा कोणाच्या टेबलावर असेल? कोणी स्कॅन केला तर?"

मी उठलो.

ठाण्यात परत येऊन मी न्यायालयाला अहवाल लिहिला. साक्षीदाराचा कसोशीने शोध घेतला असता ती मिळून आली नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत जाणूनबुजून लिहिलेला हा माझा एकमेव खोटा अहवाल. आज तो इथे कबूल करतो आहे. ज्याला विचारायचं असेल त्याने मला विचारावं.

ड्रायव्हर वार होऊन गेल्यावर पोहोचला होता. फाटकाशी बसणाऱ्या इस्त्रीवाल्याने साक्षीत सांगितलं की त्याने हल्लेखोराला पाठमोरा पाहिला. सुऱ्याच्या पंचनाम्याचा पंच फितूर झाला. काकूंनी मात्र न चुकता, शब्दन् शब्द खरी साक्ष दिली, पण त्यांची साक्ष पत्त्याची होती, वारांची नव्हती. आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला. मी तेव्हा निवृत्त होऊन घरी बसलो होतो, तरी निकालाला गेलो.

कोर्टाच्या जिन्यावर तो मला भेटला. वाकून नमस्कार केला. अंगावर इस्त्रीचा पांढरा सदरा.

"साहेब, तब्येत कशी आहे?" मग आवाज खाली आणून, अगदी घरच्यासारखं, "ती असते कुठे हल्ली?"

मी त्याच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो. हाच चेहरा काकूंनी टपरीशी पाहिला असणार, डोळ्यांत पाणी आणून विचारणारा.

"कशाला पाहिजे?" मी म्हणालो.

तो हसला, पुन्हा नमस्कार केला आणि गर्दीत मिसळला.

माणसांकडून माहिती काढून घेणं हे मी आयुष्यभर केलं आणि त्यात स्वतःला हुशार समजत आलो. माहिती राखणं हेसुद्धा पोलिसाचं काम आहे, हे मला कोणी शिकवलं नव्हतं आणि मीही कोणाला शिकवलं नाही. हल्ली ऐकतो की आमच्या ठाण्यांतही जबाब टाइप करायला, कागद शोधून द्यायला असे मदतनीस यायला लागले आहेत. काम भराभर होतं म्हणतात. होत असेल. परवा माझ्या हाताखाली घडलेला एक अधिकारी मोठ्या हौसेने सांगत होता, "सर, काहीही विचारा, दोन सेकंदांत देतो." मी त्याला विचारलं, "कोणालाही देतो का रे?"

तो म्हणाला, "ते बघावं लागेल, सर."

मी म्हटलं, बघ. आजच बघ.

त्याने बघितलं की नाही, मला माहीत नाही.